पल्सार सोडून ग्रहांकडे वळणं ही धरसोड आहे का?

पत्र थोडक्यात असं आहे: पत्र लिहिणारी २९ वर्षांची. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. सातवीत असताना शाळेबरोबर खोडदला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला गेली, तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या पाहिल्या, आणि तेव्हाच ठरलं. एमएस्सी, नेट, मग पाच वर्षं पल्सारच्या, म्हणजे गरगर फिरत ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या अवशेषांच्या, टायमिंगवर (त्या ठोक्यांच्या वेळा मोजण्यावर) पीएचडी. डिसेंबरात व्हायवा झाला. आता तीन वाटा समोर आहेत. युरोपातल्या एका गटाने दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, देऊ केली आहे, पण काम श्वेतबटू ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर. गाइड म्हणतात, इथेच वर्षभर रिसर्च असोसिएट म्हणून थांब आणि पल्सारचंच काम पुढे ने; आत्ता विषय बदललास तर लोक धरसोड करणारी म्हणतील. तिसरी वाट घराजवळच्या अनुदानित कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या कायम जागेची. मुलाखत पुढच्या महिन्यात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मे अखेरीस निवृत्त होतायत, आणि "हे शिकणं संपणार कधी?" असं जेवताना विचारतात. युरोपला १५ फेब्रुवारीपर्यंत कळवायचंय. ती लिहिते: "ताई, ग्रहांकडे गेले तर माझी पाच वर्षं पाण्यात. तिथे चोविशीतली मुलंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त जाणत असतील. पहिल्याच पेपरात चूक झाली तर नाव कायमचं जाईल. आणि दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न दारात उभा. काय करू?"

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीवर येते. मी रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी केली, बाहेरदेशी दोन पोस्टडॉक केले आणि मग कॉलेजात शिकवायला लागले. म्हणजे तुझ्या तीन वाटांपैकी दोन मी चालले आहे. तरी उत्तर लिहायला बसले तेव्हा त्या वाटांपर्यंत पोचायला मला वेळ लागला. "पाच वर्षं पाण्यात" इथेच मी अडकून बसले.

पल्सार हे एक गाव आणि ग्रह हे दुसरं, एक सोडल्याशिवाय दुसरं गाठता येत नाही, असं तू धरून चालली आहेस. टायमिंग करणाऱ्या मुलीने तरी असं धरून चालू नये गं. सूर्यमालेबाहेरचे पहिले खात्रीचे ग्रह सापडले तेच मुळी एका पल्सारभोवती. १९९० मध्ये अरेसिबोची प्रचंड दुर्बीण दुरुस्तीमुळे नेहमीच्या कामांना मिळत नव्हती. त्या दिवसांत अलेक्झांडर वोल्श्चान यांना तिच्यावर भरपूर वेळ मिळाला आणि त्यांना पीएसआर बी१२५७+१२ हा सेकंदाला सुमारे १६१ गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा सापडला. त्याचे ठोके वेळेवर पडत नव्हते. फरक मिलिसेकंदाच्या आसपासचा, कधी पुढे, कधी मागे. डेल फ्रेल यांनी व्हीएलए दुर्बिणीने त्या ताऱ्याची जागा नेमकी मोजून दिली, आणि जानेवारी १९९२ मध्ये दोघांनी लिहिलं की दोन ग्रह या ताऱ्याला हलवत आहेत. एकाची फेरी ६६ दिवसांची, दुसऱ्याची ९८ दिवसांची, दोन्ही पृथ्वीच्या साधारण चौपट वजनाचे. पुढे त्याच ठोक्यांतून तिसरा निघाला, आपल्या चंद्राच्या दुपटीपेक्षाही हलका! सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ५१ पेगासी बी त्यानंतर आला, १९९५ मध्ये.

म्हणजे तू जी विद्या शिकलीस तिनेच या विषयाचं दार उघडलं होतं. पाच वर्षं तू नेमकं काय केलंस ते एकदा कागदावर लिहून बघ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून एकाच पल्सारचा ठोका वर्षभरात आठेक मिनिटं अलीकडे आणि आठेक मिनिटं पलीकडे सरकतो. ते सगळं वजा करून, वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेऊन, मायक्रोसेकंदाच्या हिशोबात जे उरतं त्याकडे तू रात्री-रात्री बघत बसलीस. उरलेल्यात खरं किती आणि आपल्या घड्याळाचा, आपल्या मॉडेलचा दोष किती, हे ओळखायला शिकलीस. हे शिकवून येत नाही, मुरावं लागतं. आणि ग्रहांच्या कामात याची रोज गरज पडते. ग्रह ताऱ्यासमोरून कधी गेला याची वेळ यूटीसीत (आपल्या रोजच्या घड्याळांच्या वेळेत) लिहिली आहे की टीडीबीत (सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या वेळेत), एवढ्या गोंधळाने आज ६९ सेकंदांचा फरक पडतो. तुझ्या हातून ही चूक झोपेतही होणार नाही. ज्या गटाने तुला बोलावलंय त्यांना हे दिसलं असणार. त्यांनी तुझा बायोडाटा वाचला, थीसिसचा विषय वाचला, मग पत्र पाठवलं. तुला ग्रह येत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे.

आता त्या विषयाबद्दल थोडं, कारण तुझ्या पत्रात तो "दुसरा विषय" एवढाच येतो. त्याचं नाव घेताना तुझ्या मनात काय हलतं, हे मला कुठेच सापडलं नाही. २०२० मध्ये जाहीर झालेलं डब्ल्यूडी १८५६+५३४ घे. आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवरचा श्वेतबटू, जळून संपलेल्या ताऱ्याचा गाभा, आकाराने पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा. त्याच्याभोवती गुरूएवढी एक वस्तू दर ३४ तासांनी फेरी घालते. ताऱ्यापेक्षा ग्रह कितीतरी मोठा! तो समोरून जातो तेव्हा निम्म्याहून जास्त प्रकाश अडतो, आणि हे सगळं आठ मिनिटांत आटोपतं. तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी झाला होता तेव्हा इतक्या जवळचं काहीही त्याने गिळलं असतं. मग हा ग्रह वाचला कसा? बाहेर कुठेतरी होता आणि नंतर आत आला? त्या ताऱ्याला लांबवर दोन लाल बटूंची सोबत आहे, त्यांनी हळूहळू त्याची कक्षा बिघडवली? की तारा फुगलेला असताना ग्रह त्याच्या पोटातून फिरत राहिला आणि जिवंत बाहेर पडला? तुझे पल्सार आणि हे श्वेतबटू म्हणजे दोन्ही ताऱ्यांचे अवशेषच, तू तर त्याच वाड्यातली आहेस. फक्त आता त्या वाड्यात कोण राहून गेलं आणि कोण अजून राहतंय हे विचारायचं आहे. पुढे कधीतरी आपला सूर्यही श्वेतबटू होणार, तेव्हा गुरू-शनीचं काय होईल, याची उत्तरं अशाच ठिकाणी शोधली जातात. हे वाचताना तुला काही वाटलं का? वाटलं नसेल, तर तेही महत्त्वाचं आहे. पोस्टडॉकची दोन वर्षं केवळ बायोडाटासाठी काढणं फार जड जातं. माझी दुसरी पोस्टडॉक तशी होती, आणि त्या दोन वर्षांतली एकही रात्र मला आनंदाने आठवत नाही.

चोविशीतली मुलं तुझ्यापेक्षा जास्त जाणत असतील, असं तू लिहितेस. असतील. ५१ पेगासी बी सापडला तेव्हा दिदिए केलोझ पीएचडीचे विद्यार्थी होते. २०१९ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. २००७ मध्ये पहिला फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे दूरवरून आलेला रेडिओ लहरींचा क्षणभराचा झोत, जुन्या डेटामधून ज्याच्या नजरेला पडला तो तर पदवीला होता. तू अशा मुलांच्या शेजारी बसून शिकशील आणि ती तुझ्याकडून टायमिंग शिकतील. पहिले सहा महिने तुला बावळटासारखं वाटेल, चर्चेत अर्धे शब्द कळणार नाहीत. विषय बदलणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं. शिकायला जाणाऱ्याला लाज कसली?

चुकीच्या भीतीबद्दल मात्र तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि तीही पल्सारचीच आहे. जुलै १९९१ मध्ये, वोल्श्चान यांच्याही आधी, इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या गटाने पीएसआर बी१८२९-१० या पल्सारभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. पेपरवर पहिलं नाव मॅथ्यू बेल्स यांचं, तेव्हा ते अगदी तरुण होते. सोबत अँड्र्यू लाइन आणि शेमार. ग्रहाची फेरी सहा महिन्यांची निघत होती. जगभर बातमी झाली. काही महिन्यांनी लाइन यांनी हिशोब पुन्हा तपासला आणि त्यांना दिसलं की ग्रह नाहीच. पल्सारच्या आकाशातल्या जागेत थोडी चूक होती आणि पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे हे हिशोबात नीट धरलं गेलं नव्हतं. जो ग्रह सापडला होता तो म्हणजे आपली पृथ्वीच. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत लाइन यांनी उभं राहून भर सभेत हे सांगितलं. सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलं. त्याच सभेत वोल्श्चान यांनी आपले दोन ग्रह मांडले. फ्रेल यांनी जागा नेमकी मोजून दिली होती असं मी वर लिहिलं ना, ती का मोजावी लागली ते आता कळेल.

आणि बेल्स? करिअरच्या सुरुवातीलाच, जगभर गाजलेला आपला पेपर मागे घ्यावा लागलेला माणूस. ते पल्सारवरच काम करत राहिले. त्या फास्ट रेडिओ बर्स्टच्या २००७ च्या पेपरवर त्यांचं नाव आहे, आणि त्यासाठी २०२३ चा शॉ पुरस्कार त्यांना लोरिमर आणि मॅकलॉफलिन यांच्याबरोबर मिळाला. २०११ मध्ये एका पल्सारभोवती हिऱ्यासारख्या घन पदार्थाचा असावा असा गुरूच्या वजनाचा सोबती ज्या गटाला सापडला, त्याचेही प्रमुख बेल्सच. वीस वर्षांनी पुन्हा पल्सारभोवतीचा ग्रह! आपल्या विषयात चुकल्याने नाव जात नाही. चूक दिसत असताना गप्प बसणाऱ्याचं जातं, आणि ते मी जवळून पाहिलं आहे.

तरी भीती काही उदाहरणांनी जात नाही, तिला सवयींनी बांधून ठेवावं लागतं. तुला कुठलाही कालावधी मिळाला आणि तो वर्षाशी, सहा महिन्यांशी, दिवसाशी किंवा ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या १३.७ दिवसांच्या फेरीशी जुळत असेल, तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा. खऱ्या डेटात मुद्दाम खोटा ग्रह घालायचा आणि आपला प्रोग्रॅम तो शोधतो का, किती वेळा चुकवतो, हे बघायचं. दुसऱ्या कुणाला तरी, शक्यतो ज्याला तुझ्या निष्कर्षात रस नाही अशाला, स्वतंत्रपणे तोच हिशोब करायला सांगायचा. यातलं बहुतेक तू पल्सारवर करतच आलीस.

गाइडच्या बोलण्याकडे वळते. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. विषय बदलला की पेपरांची साखळी वर्षभर तुटते, हे खरं आहे, आणि निवड समित्या त्या वर्षाकडे बोट दाखवतात. थीसिसमधलं काही अजून छापायचं राहिलं असेल तर ते जाण्याआधी संपव. पोस्टडॉकला गेल्यावर जुने पेपर लिहू असं प्रत्येकजण म्हणतो आणि ते पडून राहतात. पण धरसोड हा शब्द मला पटला नाही. श्वेतबटू ताऱ्याच्या वजनाला मर्यादा असते हे चंद्रशेखरांनी १९३० मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर मांडलं. १९३५ मध्ये त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडवली. चंद्रशेखरांनी त्या विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि पुढे गेले: ताऱ्यांच्या गुच्छांची गती, ताऱ्यांच्या वातावरणातून होणारा प्रकाशाचा प्रवास, द्रवांची स्थिरता, शेवटी कृष्णविवरं. दर काही वर्षांनी नवा विषय, आणि प्रत्येक वेळी तो मुळापासून. त्यांना कुणी धरसोड करणारा म्हणालं नाही, कारण प्रत्येक गोष्ट त्यांनी पुरी करून सोडली. तू पीएचडी पुरी केली आहेस. गाइडना हेच सांग, आणि तुमच्या गटाशी एका पल्सारच्या कामात जोडलेली राहीन असं सांग. त्यांना तुझ्या जाण्याचं वाईटही वाटत असेल. पाच वर्षांचं नातं आहे. त्यांची शिफारसपत्रं तुला अजून दहा वर्षं लागणार आहेत, तेव्हा हे बोलणं ईमेलवर करू नकोस, समोर बसून कर.

इथे थांबायचं ते वर्ष मला तिन्हींत सगळ्यात कमकुवत वाटतं. एक मोठा पेपर अगदी हातातोंडाशी आला असेल तरच त्याला अर्थ आहे. नाहीतर तो फक्त निर्णय पुढे ढकलण्याचा मार्ग आहे, आणि पुढच्या वर्षी तू तीस वर्षांची, त्याच टेबलाशी, याच प्रश्नासह बसलेली असशील.

कॉलेजची नोकरी ही हार नाही, हे मी जोर देऊन लिहिते, कारण तुझ्या पत्रात ती तशी आली आहे. मी तेच करते. पहिल्या वर्षाच्या मुलांना केप्लरचे नियम शिकवताना मला आजही अंगावर काटा येतो. पण काही गोष्टी मुलाखतीआधी शोधून काढ. जागा खरोखर अनुदानित आहे का, सरकारची ना हरकत मिळाली आहे का, बिंदुनामावली (आरक्षणाची नोंद) तपासून झाली आहे का, हे जाहिरातीवर विसंबून न राहता विचार. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढणारे, नेट-सेट झालेले किती जण मी पाहते. "पुढच्या वर्षी कायम करू" यावर जाऊ नकोस. आणि जागेसाठी कुणी पैशाचा विषय काढला तर तिथूनच मागे फिर, वडिलांची निवृत्तीची पुंजी त्यात जाता कामा नये. जागा खरी असेल, तर आठवड्याला सोळा तास शिकवणं, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, हे सगळं सांभाळून संशोधन होतं, पण हळू होतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत विद्यापीठ-कॉलेजातल्या शिक्षकांसाठी असोसिएट योजना आहे. सुट्टीत तिथे जाऊन राहता येतं, काम करता येतं, लोक भेटतात. जीएमआरटीसाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात आणि प्रस्ताव कॉलेजातून आला म्हणून कुणी बाजूला ठेवत नाही. टेसचा डेटा तर घरबसल्या फुकट मिळतो. या जागेबद्दल माझी एकच अडचण आहे, ती आत्ताच्या वेळेची. पोस्टडॉक करून कॉलेजात येणारे मी बरेच पाहिले. कॉलेजात पाच वर्षं काढून पोस्टडॉकला गेलेले फार कमी. ते दार बाहेरून आत सहज उघडतं, उलट दिशेने जड जातं.

म्हणून माझं मत विचारशील तर, विषय तुला खरोखर ओढत असेल तर जा. पण होकार देण्याआधी त्यांना काही विचार, आणि विचारायला संकोचू नकोस. देऊ केलेल्या पोस्टडॉकबद्दल प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. दोन वर्षांनंतर तिसरं मिळण्याची शक्यता आहे का आणि ती कशावर अवलंबून आहे? माझा वेळ पूर्ण प्रकल्पाचा, की काही भाग माझ्या स्वतःच्या कामाला? आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? त्यातल्या एका-दोघांशी गटप्रमुखांना मध्ये न घेता बोल, खरं चित्र तिथेच कळतं. विमानभाडं आणि पहिल्या महिन्याचं घरभाडं कोण देणार? पहिला पगार हातात येईपर्यंत तिकडे मोठी रक्कम लागते. जेआरएफ-एसआरएफच्या फेलोशिपवर पाच वर्षं काढलेल्या मुलीकडे ती साठलेली नसते. आणि रुजू होण्याची तारीख सप्टेंबर-ऑक्टोबर मागून घे. बहुतेक ठिकाणी ती मिळते, आणि मेमध्ये वडिलांच्या निरोप समारंभाला तू घरी असशील.

दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न, असं तू म्हणतेस. हो, पुन्हा येईल. पीएचडी झालेल्यांच्या मानाने कायम जागा थोड्या, हे इथलंही खरं आहे आणि तिकडचंही. त्याची तयारी ठेवूनच जा: दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज भरायला लागायचं, इथल्या फेलोशिपा डोळ्यासमोर ठेवायच्या, वर्षातून एकदा भारतात येऊन दोन-तीन ठिकाणी व्याख्यान द्यायचं म्हणजे लोक तुला विसरत नाहीत. आणि स्वतःशी एक वर्ष ठरवून ठेव, अमुक वयापर्यंत असं झालं नाही तर मी दुसरीकडे वळेन. मी ते ठरवलं होतं, म्हणून सोडताना मला कुणाचा राग आला नाही.

वडिलांशी बोलताना "पोस्टडॉक" हा शब्द वापरू नकोस. आपल्या घरांत तो आणखी एक शिक्षण असाच ऐकू येतो. ही नोकरी आहे, पगार आहे, करार दोन वर्षांचा आहे, एवढं सांग, पगाराचा आकडाही सांग. आणि ते शिक्षक आहेत, तर काम काय आहे तेही समजावून सांग. आयुष्यभर मुलांना सूर्यमाला शिकवलेल्या माणसाला, सूर्य विझल्यावर तिचं काय होईल हे शोधायला मुलगी जातेय, हे कळायला अवघड नाही. २८ फेब्रुवारीला त्यांना खोडदला घेऊन जा. शाळेच्या मुलांना घेऊन ते तिथे गेले असतील, तुझ्याबरोबर कदाचित कधीच नाही.

होकार-नकार कळवण्याआधी एक शनिवार-रविवार मोकळा ठेव. टेसच्या सार्वजनिक साठ्यातून डब्ल्यूडी १८५६+५३४ चा डेटा उतरवून घे. अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊ नकोस, त्यात आठ मिनिटांचा खड्डा बुजून जातो. दोन मिनिटांच्या नोंदी घे. १.४०८ दिवसांवर घडी घाल, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक येतील. गाइडला सांगू नकोस, युरोपवाल्यांनाही नाही. रविवारी रात्री तो खड्डा पडद्यावर दिसेल तेव्हा तू झोपायला गेलीस की अजून एक तारा उघडून बसलीस, ते मला कळव.